कुलाबकर आंग्रे: सरखेलीचा हुद्दा आणि वतन

मराठी राज्याच्या इतिहासात घोडदळाच्या बळावर उदयाला आलेली सरदार घराणी पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या दौलती कोणत्या स्वारीत मिळाल्या व कोणत्या सरंजामावर पोसल्या गेल्या याचा माग सनदा, जमाखर्च आणि पत्रव्यवहार यांतून लावता येतो. आंग्रे घराणे या सर्वांपासून वेगळे पडते, कारण त्याची सत्ता गावांच्या वसुलाइतकीच पाण्यावरील हुकुमतीवर उभी होती, आणि पाण्यावर शेताच्या बांधासारखी हद्द घालता येत नसल्याने ती हुकुमत दरवर्षी नव्याने सिद्ध करावी लागत असे. मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरीपासून दक्षिणेस वाघोटण खाडीच्या मुखावरील विजयदुर्गापर्यंतचा किनारा या घराण्याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या दराऱ्याखाली ठेवला. या कालखंडाचे वर्णन इंग्रजी कागदपत्रांत चाचेगिरीचा काळ म्हणून येते, तर मराठी लेखनात ते पराक्रमाच्या गौरवाच्या अंगाने येते. या दोन्ही वर्णनांत एक मूळ प्रश्न मागे पडतो. सरखेली, म्हणजे आरमाराचे सेनापतिपद, हा छत्रपतींनी दिलेला आणि परत घेता येणारा हुद्दा होता, की पित्याकडून पुत्राकडे जाणारे वतन होते? आंग्र्यांच्या उत्कर्षाची आणि नाशाची जवळजवळ प्रत्येक मोठी घटना या प्रश्नाशी येऊन ठेपते.

घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ होते आणि आंग्रे हे नाव हर्णैजवळच्या आंगरवाडीवरून पडले. कान्होजीचा पिता तुकोजी संकपाळ हा शिवाजी महाराजांच्या चाकरीत होता आणि त्याचा संबंध हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गाशी होता. शिवाजी महाराजांनी कल्याण व भिवंडी हाती आल्यावर आरमाराची उभारणी सुरू केली, १६६४ मध्ये मालवणसमोर सिंधुदुर्गाचे काम काढले आणि १६७९ मध्ये मुंबईच्या इंग्रजांचा व जंजिऱ्याच्या सिद्दीचा विरोध पत्करून खांदेरी बेट बांधून काढले. या उद्योगातून कोळी, भंडारी, खारवी, गाबीत आणि किनाऱ्यावरचे मुसलमान दर्यावर्दी यांना राज्याच्या चाकरीचा नवा मार्ग खुला झाला. मायनाक भंडारी आणि दौलतखान ही त्या पहिल्या पिढीच्या आरमारी सरदारांची नावे आहेत. आंग्रे घराणे म्हणजे याच व्यवस्थेची दुसरी पिढी होय, आणि त्याचा पाया एखाद्या जुन्या देशमुखीवर नसून किल्ल्याच्या तटावरील चाकरीवर घातला गेला हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढे या घराण्याने जे स्वातंत्र्य दाखवले त्याला पाठबळ देणारे कोणतेही प्राचीन वतन त्याच्याजवळ नव्हते.

१६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, त्याच वर्षी रायगड मोगलांच्या हाती गेला आणि राजाराम महाराजांना जिंजीला जावे लागले. अशा वेळी कोकणातील किल्ल्यांना केंद्राकडून ना पैसा मिळत होता ना कुमक, त्यामुळे जो किल्लेदार स्वतःच्या हिमतीवर शिबंदी, म्हणजे किल्ल्यावरील पगारी फौज, सांभाळू शकेल त्याच्याच हाती किल्ला टिकत होता. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार सिद्दीशी संधान बांधत असता तरुण कान्होजीने शिबंदीला आपल्या बाजूस वळवून किल्ला राखला, अशी बखरीची परंपरा आहे, आणि तिच्या तपशिलांविषयी मतभेद असले तरी कान्होजीचा उदय या किल्ल्यातून झाला याबद्दल संशय नाही. त्या काळी आरमाराचा प्रमुख सिधोजी गुजर होता आणि कान्होजी त्याच्या हाताखाली काम करीत होता; १६९८ च्या सुमारास सिधोजीच्या मृत्यूनंतर राजाराम महाराजांनी सरखेलीची वस्त्रे कान्होजीला दिली. एका चाकराला मिळालेला हा हुद्दा होता, पण ज्या राज्याने तो दिला त्याच्याजवळ आरमारासाठी देण्याजोगे नावाखेरीज फारसे काही उरले नव्हते. आरमार चालवण्याचा खर्च कान्होजीला समुद्रातूनच काढावा लागणार होता, आणि या एका गोष्टीत पुढच्या सर्व संघर्षाचे बीज आहे.

समुद्रातून उत्पन्न काढण्याची रीत कान्होजीने नव्याने शोधली नव्हती. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पश्चिम किनाऱ्यावर कार्ताझ नावाच्या परवान्याची सक्ती केली होती. हा परवाना जवळ नसलेले गलबत ते लुटीचा माल समजून पकडत, आणि मक्केच्या यात्रेकरूंना घेऊन जाणाऱ्या मोगल जहाजांनाही तो घ्यावा लागे. मराठ्यांच्या परवान्याला दस्तक म्हणत. दस्तक घेणाऱ्या व्यापाऱ्याने ठरलेली रक्कम भरायची आणि त्या बदल्यात आंग्र्यांच्या पाण्यातून जाताना त्याच्या तारवाला उपद्रव होणार नाही याची हमी सरखेलाने द्यायची, असा हा व्यवहार होता. घाटातून बैल नेणारा वाणी ज्याप्रमाणे जकात आणि राहदारी भरतो त्याप्रमाणे किनाऱ्यालगत जाणाऱ्या नाखव्याने दस्तक घ्यावे, यात कान्होजीला किंवा किनाऱ्यावरील देशी व्यापाऱ्यांना काही विपरीत वाटण्याचे कारण नव्हते, आणि अनेक देशी व्यापारी दस्तक घेऊन चालतही होते.

अडचण मुंबईच्या इंग्रजांची होती. कंपनीच्या जहाजांना कोणाचाही परवाना लागत नाही, अशी त्यांची भूमिका होती, आणि तेवढ्यावर न थांबता मुंबईत राहणाऱ्या देशी व्यापाऱ्यांच्या मालाची तारवेही कंपनीच्या निशाणाखाली बिनपरवाना चालावीत असा त्यांचा आग्रह होता. कान्होजीने कंपनीच्या स्वतःच्या जहाजांना मोकळीक देण्याची तयारी वेळोवेळी दाखवली, पण दुसऱ्याचा माल आणि दुसऱ्याची तारवे केवळ निशाण बदलून सुटावीत हे तो मान्य करीना, कारण तसे मान्य केले असते तर किनाऱ्यावरचा सारा व्यापार महिनाभरात इंग्रजी निशाणाखाली गेला असता आणि दस्तकाला अर्थ उरला नसता. नोव्हेंबर १७१२ मध्ये त्याच्या आरमाराने मुंबईचा गव्हर्नर विल्यम एझलबी याचे सशस्त्र जहाज पकडले. त्या झटापटीत कंपनीच्या कारवार वखारीचा प्रमुख टॉमस चाऊन मारला गेला आणि त्याची पत्नी कैद झाली. तिची सुटका १७१३ च्या फेब्रुवारीत ३०,००० रुपये घेऊन करण्यात आली आणि त्याबरोबर तहही झाला, परंतु निशाणाचा मूळ वाद त्या तहातही सुटला नाही. चाचा आणि दर्यावरील राज्याधिकारी यांतील भेद परवाना देणाऱ्याच्या अधिकारावर ठरतो. कान्होजीजवळ छत्रपतींची सनद होती, किनाऱ्यावर किल्ले होते आणि तो तह करीत व करवीत होता, त्यामुळे त्याला चाचा म्हणणे हे वादातील एका पक्षाचे म्हणणे होते, आणि दोन शतके ते इतिहासाचा निकाल म्हणून छापले गेले याचा खेद वाटल्यावाचून राहत नाही.

या हुकुमतीचे साधन असलेले आरमार युरोपीय आरमाराहून मुळातच निराळ्या विचाराने घडवलेले होते. त्यातील मोठे लढाऊ जहाज म्हणजे गुराब. दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे हे जहाज रुंद आणि उथळ बांधणीचे असे, त्याची नाळ, म्हणजे पुढचे टोक, लांब व निमुळती होत पुढे झुकलेली असे, आणि त्या नाळेवरच त्याच्या सर्वांत जड तोफा पुढे तोंड करून बसवलेल्या असत. दोन डोलकाठ्यांचे गुराब साधारण १५० टनांचे, तर तीन डोलकाठ्यांचे ३०० टनांपर्यंत जाई. त्याच्या सोबतीला गलबते असत; शीड आणि वल्ही दोन्हींवर चालणारे गलबत क्वचितच ७० टनांहून मोठे असे, आणि वारा पडला तरी ४० ते ५० वल्ह्यांच्या जोरावर ते चालत राही. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांची ताकद त्यांच्या दोन्ही बाजूंच्या तोफांत होती, परंतु वाऱ्यावाचून ती जागची हलत नसत आणि त्यांची पिछाडी उघडी राही. मराठी तांडेल, म्हणजे नाविक टोळीचे नाईक, वारा पडण्याची वाट पाहत. वारा पडताच गलबते गुराबांना दोरांनी ओढून शत्रूच्या पिछाडीस आणत, गुराबांच्या नाळेवरील तोफा डोलकाठ्या व सुकाणू निकामी करीत, आणि मग गलबतांतील दोनतीनशे माणसे तलवारी घेऊन चहूबाजूंनी जहाजावर चढत.

ही पद्धत किनाऱ्याच्या रचनेशी घट्ट बांधलेली होती. कोकणच्या खाड्यांचे तोंड वाळूच्या दांड्यांनी अरुंद झालेले असते, त्यामुळे उथळ तळाचे गुराब भरतीच्या पाण्यावर आत शिरून नाहीसे होई आणि खोल तळाच्या युरोपीय जहाजाला बाहेरच थांबावे लागे. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडक खोदून केलेली सुमारे ३५५ फूट लांबीची गोदी आजही दिसते. तेथे भरतीच्या वेळी जहाजे आत घेऊन ओहोटीला त्यांची डागडुजी करता येई. ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत समुद्र बंद असल्याने जहाजे ओढून काठावर घ्यायची, त्यांच्या फळ्यांतील फटी बुजवून तळाला तेल द्यायचे आणि नारळी पौर्णिमेनंतर त्यांना पुन्हा पाण्यात लोटायचे, हे आरमाराचे वार्षिक चक्र होते. खलाशांपैकी पुष्कळजण पावसाळ्यात आपल्या गावी भातशेती करीत. त्यामुळे या आरमाराला माणसे मिळवण्यासाठी युरोपीय बंदरांप्रमाणे जबरीने भरती करावी लागली नाही, पण लावणी आणि मासेमारी यांच्या हंगामाशी मात्र त्याला जुळवून घ्यावे लागले. गोलंदाजीसाठी कान्होजीने पोर्तुगीज व इतर फिरंगी माणसेही चाकरीस ठेवली होती.

१७०७ मध्ये संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि छत्रपतींची गादी सातारा व कोल्हापूर अशा दोन शाखांत विभागली गेली, तेव्हा कान्होजी शाहू महाराजांच्या विरोधातील, राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाई यांच्या पक्षास राहिला. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी त्याच्यावर पाठवलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच त्याने कैद केले आणि घाटमाथ्यावरील लोहगड व राजमाची हे किल्ले घेतले; आरमाराचा सेनापती सह्याद्री चढून आल्याने सातारा स्वतःला सुरक्षित समजू शकत नव्हता. या संकटातून पेशवाईची वस्त्रे बाळाजी विश्वनाथांकडे आली. चिपळूण परिसरातील जुन्या परिचयाच्या आधारे त्यांनी युद्धाऐवजी बोलणी केली, आणि १७१४ च्या आरंभी लोणावळ्याजवळ वळवण येथे तह झाला. कान्होजीने बहिरोपंतांना सोडावे, राजमाचीखेरीज घाटावरील जिंकलेला मुलूख परत करावा आणि शाहू महाराजांना धनी मानावे, आणि त्याच्या बदल्यात त्याच्याकडे १० किल्ले व १६ लहान ठाणी, सरखेल हा किताब आणि वजारतमाआब ही मानाची पदवी कायम करावी, असे ठरले. हा तह बाळाजी विश्वनाथांच्या मुत्सद्देगिरीचा आदर्श म्हणून सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. धन्याने चाकराला हुद्दा देण्याऐवजी दोन पक्षांनी बरोबरीने बसून अटी ठरवल्या, किल्ल्यांची यादी कागदावर आली, आणि सरखेलीबरोबर मुलूखही घराण्याच्या नावे लागला. वतनाकडे जाणारी वाट येथून सुरू झाली.

तहामुळे पाठ सुरक्षित झाल्यावर आलेली दहा वर्षे कान्होजीच्या कर्तृत्वाचा कळस होती. डिसेंबर १७१५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झालेल्या चार्ल्स बून याने कंपनीचे लढाऊ आरमार वाढवले आणि आंग्र्यांचा बंदोबस्त हेच आपले मुख्य काम मानले. १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ च्या नोव्हेंबरात खांदेरीवर झालेले हल्ले फसले. १७२० मध्ये तरंगत्या तोफखान्यासारखे एक खास जहाज बांधून विजयदुर्गावर पुन्हा हल्ला झाला, आणि तोही निष्फळ गेला. मग इंग्लंडच्या राजाच्या आरमाराची चार जहाजे घेऊन कमोडोर टॉमस मॅथ्यूज आला, गोव्याच्या व्हाइसरॉयशी करार झाला आणि डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून अलिबागेसमोरच्या कुलाबा किल्ल्यावर चाल केली. ओहोटीच्या वेळी पायी जाता येईल इतक्या जवळ असलेला हा किल्ला जमिनीवरून घेता येईल, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो चुकीचा नव्हता. परंतु जमिनीवरचा हिशेब मांडताना त्यांनी साताऱ्याचा विचार केला नाही. बाजीराव पेशवे फौज घेऊन किनाऱ्यावर उतरले, पोर्तुगीजांनी जानेवारी १७२२ मध्ये इंग्रजांना बाजूला ठेवून स्वतंत्र तह केला आणि मोहीम मोडली. १७२४ मध्ये डचांनी सात जहाजांनिशी विजयदुर्गावर केलेला प्रयत्नही व्यर्थ गेला. किल्ला आरमाराला आसरा देतो आणि घाटावरची फौज किल्ल्याची पाठ राखते, ही साखळी १७२१ मध्ये जशी जुळली तशी पुन्हा कधी जुळली नाही.

त्याच १७२४ सालचा कान्होजी आणि मुंबईचा नवा गव्हर्नर विल्यम फिप्स यांच्यातील पत्रव्यवहार उपलब्ध आहे. फिप्सने त्याच्यावर लुटीने राज्य चालवण्याचा आरोप केला असता कान्होजीने दिलेले उत्तर संयमी पण ठाम आहे: परक्याच्या वस्तूची अभिलाषा व्यापारी म्हणवणाऱ्यांनाही चुकलेली नाही, आणि शिवाजी महाराजांचे राज्यही बलाढ्य शत्रूंशी लढूनच उभे राहिले, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. आपण छत्रपतींच्या राज्यपरंपरेतले आहोत ही जाणीव त्यात स्पष्ट आहे. किनाऱ्यावरही त्याने राज्याला शोभणारी घडी बसवली. अलिबाग हे गाव त्याच्या काळात भरभराटीस आले, तेथे हिराकोट बांधला गेला आणि अलिबागी रुपया म्हणून ओळखले जाणारे नाणे चालू झाले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर न टाकता सरकारी तिजोरीतून नेमून द्यावा, नाहीतर सावकारांना उपसर्ग होऊन बंदरे बुडतील, असा त्यातील सल्ला आहे. कोल्हापूर शाखेच्या छायेत लिहिलेल्या या ग्रंथातील हे मत पाहिले म्हणजे दस्तकावर जगणाऱ्या आरमाराचे दुबळेपण समकालीन मुत्सद्द्यांना कळत होते, हे दिसून येते. पण तिजोरीतून खर्च देण्याची ऐपत ना साताऱ्याची होती ना कोल्हापूरची.

कान्होजी १७२९ मध्ये मृत्यू पावला. त्याच्यामागे सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी आणि धोंडजी असे सहा पुत्र राहिले; ते निरनिराळ्या मातांचे होते आणि त्यांच्यात वडिलांचा अधिकार एकाने पुढे चालवण्याइतका एकोपा नव्हता. शाहू महाराजांनी सरखेली वडील पुत्र सेखोजी याला दिली, आणि चार वर्षे त्याने भावांना एकत्र बांधून ठेवले. १७३३ मध्ये बाजीराव पेशव्यांनी जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध मोहीम काढली तेव्हा समुद्राची बाजू सेखोजीवर होती, आणि मोहीम चालू असतानाच ऑगस्टच्या अखेरीस त्याचा अकाली मृत्यू झाला. जंजिरा मराठ्यांच्या हाती कधीच आला नाही याची कारणे अनेक आहेत, पण त्यांत या मृत्यूचे स्थान वरचे आहे.

सेखोजीनंतर संभाजी सरखेल झाला आणि त्याने मानाजीला अधिकारात वाटा नाकारला. मानाजीने पोर्तुगीजांची मदत घेऊन कुलाबा बळकावला, नंतर त्यांनाही दूर ठेवले आणि पेशव्यांकडे धाव घेतली. १७३५ मध्ये बाजीरावांनी जी तोड काढली ती दूरगामी ठरली: सरखेल हा किताब संभाजीकडे ठेवून त्याने सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि दक्षिणेचा किनारा सांभाळावा, आणि वजारतमाआब ही पदवी मानाजीला देऊन त्याने कुलाबा व उत्तरेचा भाग पाहावा. कान्होजीला एकत्र मिळालेले दोन किताब, आणि त्यांबरोबर आरमार, किनारा व दस्तकाचे उत्पन्न ही सर्व वाटली गेली. भाऊबंदकीत वतनाची वाटणी करणे हा देशावरचा जुना, सर्वमान्य उपाय होता आणि पाटीलकी किंवा देशमुखी विभागली तरी गाव जागच्या जागी राहतो. आरमाराचे सेनापतिपद मात्र विभागले की ते नाहीसे होते, कारण शत्रू समुद्रात कोठेही उगवू शकतो आणि त्याच्यावर सारी गुराबे एका हुकमाने नेण्याची सोयच नष्ट होते. बाजीरावांना हे कळत नव्हते असे मानणे कठीण आहे. घाटाच्या पायथ्याशी दुसरी बलाढ्य सत्ता नको, ही पेशव्यांची गरज या निर्णयामागे असावी, आणि बाजीरावांच्या कर्तृत्वाबद्दल पूर्ण आदर ठेवूनही हा निर्णय राज्याला महाग पडला असे म्हणणे भाग आहे.

संभाजीने ही वाटणी मनातून कधीच स्वीकारली नाही. डिसेंबर १७३५ मध्ये त्याच्या आरमाराने इंग्लंडहून येणारे डर्बी हे कंपनीचे मोठे जहाज पकडले, यावरून विभागलेल्या आरमाराचाही दरारा किती होता हे दिसते. पण त्याची अधिक शक्ती भावाशी लढण्यात गेली. १७४० मध्ये त्याने अलिबागेवर हल्ला केला तेव्हा मानाजीच्या मदतीला एकीकडून इंग्रज आले आणि दुसरीकडून बाजीरावांचे बंधू चिमाजीअप्पा व पुत्र नानासाहेब, म्हणजे पुढचे पेशवे, आले. हिराकोटाच्या लढाईत तुळाजी पकडला गेला. याच मोहिमेत असताना नानासाहेबांना बाजीरावांच्या मृत्यूची बातमी मिळाली. आंग्र्यांच्या घरच्या भांडणात पेशवे आणि इंग्रज एका बाजूस उभे राहण्याचा हा प्रकार सोळा वर्षांनी मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडायचा होता.

संभाजीच्या मृत्यूनंतर विजयदुर्गाची शाखा तुळाजीकडे आली. सिद्दीकडून अंजनवेल आणि गोवळकोट हे किल्ले घेण्याचे त्याने पत्करले आणि १७४५ मध्ये ते पार पाडले. परशुराम क्षेत्राच्या परिसरातील सिद्दीचा उपद्रव त्यामुळे संपला. १७४९ मध्ये त्याने रेस्टोरेशन हे इंग्रजी जहाज पकडले, १७५४ मध्ये डचांच्या तीन जहाजांचा धुव्वा उडवला, आणि पकडलेल्या जहाजांच्या धर्तीवर मोठी जहाजे बांधण्याचा उद्योगही विजयदुर्गाच्या गोदीत चालवला. धाडसात तो बापाच्या तोडीचा होता. पण कान्होजीने १७१४ मध्ये जे ओळखले होते, की समुद्रावर लढायचे तर घाटावर मित्र हवा, ते त्याने ओळखले नाही. शाहू महाराजांच्या मृत्यूनंतर त्याने पेशव्यांचे वर्चस्व मानले नाही, बावड्याचे अमात्य, विशाळगडचे प्रतिनिधी आणि वाडीकर सावंत या शेजाऱ्यांच्या मुलखाला उपद्रव दिला, आणि सरखेली हे आपल्या बाहुबलाचे वतन आहे अशा थाटात तो वागला. नानासाहेबांच्या दृष्टीने तो हुकूम न मानणारा सरदार होता, आणि राज्याचा कारभारी म्हणून त्याला नमवण्याचा त्यांचा अधिकार नाकारता येत नाही. दोष त्यांनी निवडलेल्या साधनात आहे.

१९ मार्च १७५५ रोजी पेशव्यांच्या वतीने कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. त्यानुसार एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्स याने तोफांचा मारा करून सुवर्णदुर्ग घेतला; या विजयाचे मोल इंग्रजांना इतके वाटले, की जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने १७८४ मध्ये लंडनजवळ शूटर्स हिलवर सेव्हर्नड्रूग या नावाचा मनोराच उभारला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल चार्ल्स वॉटसनचे इंग्लंडच्या राजाचे आरमार आणि रॉबर्ट क्लाइव्हची पलटण विजयदुर्गावर आली. पेशव्यांची फौज जमिनीच्या बाजूने वेढा घालून बसली होती, आणि तुळाजी बोलणी करण्यासाठी त्यांच्या छावणीत गेला होता. १२ फेब्रुवारीस इंग्रजांनी मारा सुरू केला; किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना खेटून बांधलेल्या जहाजांपैकी पकडून आणलेल्या रेस्टोरेशनने प्रथम पेट घेतला आणि त्या आगीत तुळाजीचे जवळजवळ सारे आरमार भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. लुटीची वाटणी आपापसांत कशी करायची हे इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई सोडण्यापूर्वीच ठरवले होते आणि तीत मराठ्यांना वाटा ठेवला नव्हता. सुमारे १० लाख रुपयांची लूट त्यांनी आपसांत वाटून घेतली. किल्लाही ते सोडीनात, आणि ऑक्टोबर १७५६ च्या नव्या तहात बाणकोट व काही गावे घेऊन मगच त्यांनी विजयदुर्ग पेशव्यांना दिला. तुळाजी अखेरपर्यंत पेशव्यांच्या कैदेत, किल्ल्याकिल्ल्यांवर राहिला.

पेशव्यांनी आपले आरमार नष्ट केले, असे या घटनेविषयी म्हटले जाते. ज्या दिवशी ती जहाजे जळाली त्या दिवशी ती तुळाजीची होती, हे खरे. पण छत्रपतींच्या सनदेने उभे राहिलेले आणि साठ वर्षांत परक्या चार आरमारांना पुरून उरलेले हे साधन हस्तगत करण्याऐवजी परक्याच्या हातून जाळू दिले गेले, ही गोष्ट त्याने बदलत नाही. वॉटसन आणि क्लाइव्ह त्याच वर्षी बंगालकडे वळले आणि पुढच्या वर्षी प्लासीची लढाई झाली. पेशव्यांनी विजयदुर्गावर आनंदराव धुळप यांच्या हाताखाली सरकारी आरमाराचा सुभा उभा केला, म्हणजे सेनापतिपद पुन्हा वतनातून हुद्द्यात आणले. धुळपांनी कामही चोख केले आणि एप्रिल १७८३ मध्ये इंग्रजांचे रेंजर जहाज पकडले, तरी कान्होजीच्या काळी मुंबईला वाटत असे तो धाक परत आला नाही.

कुलाब्याची शाखा मागे राहिली ती पेशव्यांशी जुळवून घेतल्यामुळे. मानाजीने पोर्तुगीजांविरुद्धच्या युद्धकाळात उरण व करंजा घेतले, आणि १७५८ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर पुत्र रघूजी गादीवर आला. रघूजीची पस्तीस वर्षांची कारकीर्द हा घराण्याचा शांत काळ होय. त्याने १७५९ मध्ये कुलाबा किल्ल्यात सिद्धिविनायकाचे देऊळ बांधले. १७७१ मध्ये अलिबागेस आलेल्या जेम्स फोर्ब्स या इंग्रज प्रवाशाने समोरच्या किनाऱ्यावरील त्याचा वाडा, खजिना आणि बागा यांचे वर्णन केले आहे. आता उत्पन्नाचा मुख्य भाग भातशेती, मिठागरे, नारळ-सुपारीच्या बागा आणि बंदरांची जकात यांतून येत होता, आणि गुराबे मिरवण्यापुरती व किनारा राखण्यापुरती उरली होती. १७९३ मध्ये रघूजी वारला, तेव्हा अल्पवयीन वारसाच्या नावाने कारभार कोणी करावा यावरून घरातच युद्ध पेटले. शिंद्यांच्या पाठबळावर बाबूराव आंग्रे याने १७९९ मध्ये कुलाबा घेतला, आणि त्याच्या मृत्यूनंतर १८१३ मध्ये दुसरा मानाजी गादीवर आला. ग्वाल्हेरच्या दरबारात पुढे नावारूपाला आलेले आंग्रे सरदार याच विस्तारलेल्या कुळातले होत.

पेशवाई बुडाल्यावर दुसरा रघूजी इंग्रजांच्या छत्राखाली आला. जून १८२२ मध्ये त्याच्याशी झालेल्या तहात इंग्रज सरकारचे सार्वभौमत्व मान्य करण्यात आले, आणि गादी रिकामी झाल्यास नव्या अधिपतीला वस्त्रे देण्याचा हक्क त्या सरकारकडे राहिला. जो हक्क १६९८ मध्ये राजाराम महाराजांनी, १७२९ मध्ये शाहू महाराजांनी आणि १७३५ मध्ये त्यांच्या वतीने पेशव्यांनी वापरला होता, तोच आता मुंबईच्या गव्हर्नरकडे गेला. २६ डिसेंबर १८३८ रोजी रघूजी निपुत्रिक मरण पावला, परंतु त्याची पत्नी गरोदर होती आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी तिला झालेल्या पुत्राचे नाव मूळ पुरुषावरून कान्होजी ठेवण्यात आले. ते मूल १८४० मध्ये दगावले. घराण्यातील स्त्रियांनी दत्तक घेण्याची परवानगी मागितली. आंग्र्यांचे इतर औरस वंशजही हयात होते. कंपनी सरकारने कुलाब्याचे संस्थान हे दिलेले दान आहे, वंशपरंपरेचा हक्क नाही, असे ठरवून दोन्ही मार्ग बंद केले आणि संस्थान खालसा केले. सातारा ज्या तत्त्वावर १८४८ मध्ये खालसा झाले त्याचा कोकणातील हा आधीचा प्रयोग होता, आणि लॉर्ड डलहौसी तेव्हा हिंदुस्थानात आलाही नव्हता. विधवांना नेमणुका बांधून दिल्या गेल्या, अलिबागेस इंग्रज अधिकारी बसला, आणि १८६९ मध्ये या मुलखाला भोवतालचे तालुके जोडून कुलाबा जिल्हा तयार करण्यात आला.